नशेच्या शिक्षेला नुकसानीचं माप लावा : महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेत निवडून गेलेले ४८ आणि राज्यसभेत गेलेले १९ सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

पत्राच्या सुरुवातीलाच दोन कलमं शेजारी शेजारी ठेवते. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ : दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलेल्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अमली पदार्थांच्या कायद्याचं, म्हणजे एनडीपीएसचं कलम २७ : गांजा ओढलेल्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिला माणूस रस्त्यावरच्या प्रत्येकाचा जीव धोक्यात घालत होता. दुसरा कदाचित आपल्या खोलीत बसला होता. कायद्याच्या लेखी दोघांचा अपराध एकाच वजनाचा आहे. त्या दुसऱ्या माणसाच्या खिशात ओढायच्या आधीची पुडी सापडली, तर शिक्षेची मर्यादा एक वर्षावर जाते. त्याच्या परसात गांजाचं झाड सापडलं, तर दहा वर्षांवर.

मी उत्तर महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करते. विधी सेवेतून नेमणूक होते, त्यामुळे ज्यांना खासगी वकील परवडत नाही अशा एनडीपीएसच्या आरोपींच्या बाजूने उभं राहण्याची वेळ माझ्यावर वारंवार येते. नशा चांगली असं माझं म्हणणं नाही. नशेने मोडलेली घरं मी आपल्यापेक्षा जवळून पाहते, कारण आरोपीची आई, बायको, भाऊ यांच्याशी बोलणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की कोणत्या पदार्थाने माणसाचं आणि समाजाचं किती नुकसान होतं, याचा आणि त्या पदार्थासाठी कायद्यात लिहिलेल्या शिक्षेचा संबंध आज तुटलेला आहे. तो जोडण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

हा कायदा कसा झाला ते आधी पाहू. १९८५ च्या ऑगस्टअखेरीस विधेयक लोकसभेत आलं आणि १६ सप्टेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. एका महिन्याच्या आत देशातल्या सगळ्यात कडक फौजदारी कायद्यांपैकी एक तयार झाला. काळही तसाच होता. मुंबई-पुण्यात गर्दने, म्हणजे हलक्या प्रतीच्या हेरॉइनने, थैमान घातलं होतं, चांगल्या घरांतली मुलं पुडीसाठी घरातली भांडी विकत होती. पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते याच्या पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये. ती भीती खरी होती आणि कडक कायद्याची निकडही खरी होती. मात्र त्या घाईतही १९८५ च्या संसदेने एक भेद राखला होता. मूळ कायद्यात हेरॉइन किंवा चरस बाळगल्यास किमान दहा वर्षं शिक्षा होती, आणि गांजासाठी जास्तीत जास्त पाच वर्षं. दोन्ही पदार्थ एका पंक्तीतले नाहीत हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांनी ओळखलं होतं.

२००१ मध्ये दुरुस्ती झाली. तिचा हेतू चांगला होता. व्यसनी माणूस आणि तस्कर यांना एकच दहा वर्षं नकोत, जप्त मालाच्या प्रमाणात शिक्षा असावी, हा विचार योग्यच. पण त्याच वेळी गांजाही त्याच शिडीवर चढवला गेला. आज गांजा असो की हेरॉइन, पायऱ्या तीनच : अल्प मात्रा असेल तर एक वर्षापर्यंत, मधली असेल तर दहा वर्षांपर्यंत, आणि व्यावसायिक मात्रा असेल तर कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षं. गांजाची कमाल शिक्षा पाचाची वीस झाली. १९८५ ते २००१ या काळात गांजा चौपट विषारी झाला होता का? कोणत्या संशोधनाच्या आधारे ही वाढ झाली?

पदार्था-पदार्थांतला फरक आता राहिला तो फक्त एका तक्त्यात. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत प्रत्येक पदार्थासमोर दोन आकडे आहेत. गांजा : अल्प १ किलो, व्यावसायिक २० किलो. चरस : १०० ग्रॅम आणि १ किलो. अफू : २५ ग्रॅम आणि अडीच किलो. हेरॉइन : ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन : २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एलएसडी (भास घडवणारं रसायन) : २ मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम. आमच्या न्यायालयांत माणसाच्या आयुष्याची दहा-वीस वर्षं या दोन रकान्यांवर ठरतात. हे आकडे कशावरून काढले, याचा खुलासा त्या तक्त्यात नाही. एका डोसमध्ये किती पदार्थ लागतो, व्यसन किती लवकर लागतं, जीव किती सहज जातो, यातलं कोणतं माप लावलं ते कळायला मार्ग नाही.

हे किती गंभीर आहे ते एलएसडी आणि हेरॉइन यांच्या तुलनेतून दिसतं. २४० ग्रॅम हेरॉइन म्हणजे शेकडो पुड्या. ओव्हरडोस झाला की श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो, असा हा पदार्थ आहे. तेवढं हेरॉइन घेऊन सापडलेला माणूस मधल्या पायरीवर येतो : किमान शिक्षा नाही, जामिनालाही कलम ३७ ची खास आडकाठी नाही. एलएसडीची व्यावसायिक मात्रा १०० मिलिग्रॅमच्या पुढे सुरू होते. शुद्ध एलएसडीच्या हिशेबाने ते हजारेक डोस झाले, म्हणजे हा आकडा कागदावर तरी समजण्याजोगा आहे. पण एलएसडी मिळतं ते कागदाच्या इवल्याशा तुकड्यावर शोषलेलं, आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा कागद पदार्थाचाच भाग धरला. कागदासकट वजन केलं तर पाच-दहा तुकड्यांत शंभर मिलिग्रॅम पार होतात. मग कॉलेजातला मुलगा दहा तुकड्यांसाठी किमान दहा वर्षांच्या शिक्षेला आणि कलम ३७ च्या जामिनाला सामोरा जातो, आणि पाव किलोला दहा ग्रॅम कमी हेरॉइनवाला त्याच्यापेक्षा सोप्या कलमात बसतो.

यात न्यायालयाला दोष देता येणार नाही. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात स्पष्ट केलं की मिश्रण असेल तर भेसळीसह सगळं वजन मोजायचं, आतला शुद्ध पदार्थ किती हे बघायचं नाही. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने याच्या उलट, म्हणजे शुद्ध पदार्थच मोजा, असं सांगितलं होतं, आणि २००९ मध्ये सरकारने अधिसूचनेत टीप घालून ते फिरवलं होतं. रस्त्यावर विकली जाते ती भेसळच आणि माणसं मरतात ती भेसळीनेच, हा सरकारचा युक्तिवाद पूर्ण चुकीचा नाही. पण त्याचा परिणाम मालेगावात पाहा. तिथे ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकली जाते ती अल्प्राझोलामची साधी झोपेची गोळी. अर्धा मिलिग्रॅम औषध असलेल्या गोळीचं वजन शंभर मिलिग्रॅमच्या आसपास धरलं, तर हजार गोळ्यांचं वजन शंभर ग्रॅम भरतं, म्हणजे व्यावसायिक मात्रेची वेस. त्यात प्रत्यक्ष अल्प्राझोलाम असतं अर्धा ग्रॅम, आणि तक्त्याप्रमाणे पाच ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा आहे. बाकी सगळा स्टार्च आणि खडूसारखी भर. एक वर्ष की दहा वर्षं, हे त्या स्टार्चवर ठरतं.

गांजाच्या बाबतीत वजनाचा वेगळाच घोळ आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. पानं आणि बिया शेंड्यांसोबत नसतील तर त्या व्याख्येबाहेर, म्हणूनच भांग या कायद्यात येत नाही आणि उत्तर प्रदेश, राजस्थानात तिची परवानाधारक दुकानं आहेत. एकाच झाडाचं पान सरकारमान्य दुकानात आणि फूल वीस वर्षांच्या कलमात. प्रत्यक्ष छाप्यात मात्र ओली झाडं मुळांसकट उपटली जातात, दांडे, पानं, माती सगळं एका ताडपत्रीवर टाकून वजनकाट्यावर चढतं आणि पंचनाम्यात आकडा पडतो. मग फुलोरा वेगळा काढला होता का, यावर उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं वाद चालतो. तोवर आरोपी आत असतो. शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, तुरीच्या आणि कपाशीच्या रांगांमध्ये लावलेल्या गांजावरच्या छाप्यांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचत असाल. त्यात पकडला जातो तो शेताचा मालक किंवा सालदार. बियाणं देणारा आणि तयार माल उचलणारा क्वचितच. लागवडीच्या कलमात तर दोन झाडं आणि दोन एकर असा भेदच लिहिलेला नाही.

मला माहीत आहे, आपल्यापैकी काहींच्या मनात आत्ता प्रश्न आला असेल : म्हणजे गांजा मोकळा करा म्हणताय का? नाही. गांजाचं नुकसान मी लपवत नाही. कोवळ्या वयात आणि रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो हे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात, आणि तशी मुलं मी पाहिली आहेत. पण धोका आहे म्हटल्यावर तो किती, हे विचारायलाच हवं. अमेरिकेतल्या १९९४ च्या एका मोठ्या अभ्यासात, एकदा तरी पदार्थ घेतलेल्यांपैकी किती जण पुढे त्याच्या आहारी गेले ते मोजलं होतं. तंबाखू : सुमारे ३२ टक्के. हेरॉइन : २३. कोकेन : १७. दारू : १५. गांजा : ९. ब्रिटनमध्ये डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये वीस पदार्थांना सोळा निकषांवर गुण दिले. त्यात घेणाऱ्याचं नुकसान आणि आजूबाजूच्यांचं नुकसान, दोन्ही धरलं होतं. दारू ७२ गुणांनी सगळ्यात वर, हेरॉइन ५५, तंबाखू २६, गांजा २०, एलएसडी ७. त्याच्या आदल्याच वर्षी नट यांना ब्रिटिश सरकारने सल्लागार परिषदेच्या अध्यक्षपदावरून काढलं होतं, कारण सरकारचं वर्गीकरण पुराव्याशी जुळत नाही हे ते जाहीरपणे सांगत होते.

ही यादी जशीच्या तशी उचलून आपल्या कायद्यात चिकटवा असं मी म्हणणार नाही. तिच्यावर जाणकारांनी घेतलेले आक्षेप वजनदार आहेत. दारूचं नुकसान इतकं मोठं दिसतं त्यात ती सगळीकडे आणि उघड मिळते याचाही वाटा आहे. गुणांना कोणी किती वजन दिलं यावर क्रम बदलतो. शिवाय ब्रिटनमधले पदार्थ, तिथली शुद्धता, तिथली घेण्याची पद्धत आपल्याकडे लागू नाही. आपल्याकडे खर्रा आहे, मिसरी आहे, कोडीनचं खोकल्याचं औषध आहे, रेल्वे फलाटावरच्या पोरांच्या हातातला पंक्चरच्या सोल्यूशनचा बोळा आहे. म्हणूनच आपल्याला आपला हिशेब मांडावा लागेल. तो मांडायचा कच्चा माल सरकारकडे आहे.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने देशभर पाहणी केली आणि २०१९ मध्ये अहवाल दिला. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांतल्या ५.७ कोटींना तिचा त्रास किंवा व्यसन या पातळीवर मदतीची गरज आहे. गांजा, चरस आणि भांग मिळून घेणारे सुमारे ३.१ कोटी, त्यांत भांगवालेच जास्त. अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास, पण त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. म्हणजे गांजा-चरस-भांग मिळून घेणाऱ्यांपेक्षा कमी लोक घेतात आणि अडकतात मात्र त्यापेक्षा जास्त प्रमाणात. हुंगायच्या नशेत मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण अधिक निघालं, आणि हे सोल्यूशन-व्हाइटनर एनडीपीएसच्या तक्त्यात नाहीतच. त्या मुलांना अटक व्हावी असं मी म्हणत नाही, देव करो आणि तसं न होवो. पण आठ-दहा वर्षांच्या मेंदूचं सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्या नशेकडे कायद्याचं आणि पैशाचं लक्ष सगळ्यात कमी आहे, हे तरी आपल्याला दिसावं.

त्या अहवालातला मला झोपू न देणारा आकडा वेगळा आहे. बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांपैकी एकालाच उपचार मिळतात. दारूच्या बाबतीत अडतिसांपैकी एकाला. एनडीपीएसमध्ये कलम ६४अ आहे : व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला चालवायचा नाही. सुंदर कलम आहे. पण तालुक्याला केंद्र नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी खाट नाही, तर हे कलम मी कोणत्या आरोपीसाठी वापरू? घडतं असं की कलम २७ चा आरोपी, बहुतेक वेळा हमाल, वेटर, कचरा वेचणारा, गुन्हा कबूल करतो. दंड भरतो, नाहीतर राहिलेले दिवस काढतो आणि सुटतो. कबूल केलं की आजच घरी, लढलो तर तारखा, हा त्याचा साधा हिशेब असतो. पुढे सिक्युरिटी एजन्सीच्या पोलीस पडताळणीत ती नोंद वर येते आणि नोकरी जाते. गांजाने त्याचं जेवढं बिघडलं नव्हतं तेवढं त्या नोंदीने बिघडतं.

व्यावसायिक मात्रेच्या खटल्यात तर कलम ३७ मुळे आरोपी निर्दोष असल्याबद्दल न्यायाधीशाची आधी खात्री पटावी लागते, तेव्हा कुठे जामीन. मोठ्या तस्करासाठी हे ठीक मानता येईल. पण सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, यायला महिने लागतात, पंच फितूर होतात, तपास अधिकाऱ्याची बदली होते. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्या खटल्यातल्या एका आरोपीला जामीन दिला तेव्हा तो सात वर्षांहून अधिक काळ आत होता आणि खटला संपलेला नव्हता. जामीन नाकारणारी कलमं टिकायची असतील तर खटले वेगाने चालले पाहिजेत, असं न्यायालयाने तेव्हा बजावलं. ओडिशाकडून रेल्वेने पोती आणणारा रोजंदारीवरचा मजूर, ज्याला एका फेरीचे दोन-चार हजार मिळतात, तो या कलमाच्या जाळ्यात पुरा अडकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत धागा पकडत शेकडो किलो एमडी, म्हणजे मेफेड्रोन, जप्त केलं. रसायनशास्त्र शिकलेली माणसं, कारखाना, पैसा, परदेशी साखळी. पोलिसांची, प्रयोगशाळेची आणि विशेष न्यायालयाची ताकद तिथे लागायला हवी. ती आम्ही चिलीम ओढणाऱ्यांच्या कबुलीजबाबांवर खर्च करतो.

एमडीवरून आठवलं. मेफेड्रोन या कायद्याखाली आलं ते २०१५ च्या फेब्रुवारीत. त्याआधी ते मुंबईत शाळा-कॉलेजांच्या बाहेर विकलं जात होतं आणि पोलिसांच्या हातात पुरेसं कलम नव्हतं. पदार्थांच्या नुकसानीवर सतत नजर ठेवणारी, कायमस्वरूपी तज्ज्ञ यंत्रणा असती तर ही वर्षं वाया गेली नसती. नुकसानीचं माप लावा म्हणणं म्हणजे सगळीकडे शिक्षा कमी करा असं नव्हे. काही ठिकाणी कायदा आणखी लवकर आणि आणखी ठाम व्हायला हवा.

कायदा नुकसान न मोजता कडक झाला की तिसऱ्याच कोणाचं नुकसान होतं, याचं आपल्याच देशातलं उदाहरण मॉर्फिनचं आहे. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरला आणि राजस्थानात चित्तोडगडला सरकारी परवान्याने अफू पिकते, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत तिचं शुद्धीकरण होतं. जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या या देशात १९८५ नंतर रुग्णालयांतला मॉर्फिनचा वापर कोसळला. अनेक परवाने, अनेक खाती, आणि चूक झाली तर दहा वर्षं. औषध दुकानदारांनी ते ठेवणंच सोडलं आणि कर्करोगाचे रुग्ण कळवळत गेले. ते दुरुस्त व्हायला २०१४ साल उजाडलं : संसदेने ‘अत्यावश्यक अमली औषधं’ हा वर्ग आणला आणि पुढच्या वर्षी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोनसह सहा औषधांचे नियम देशभर एकसारखे केले. एकोणतीस वर्षं! घरात शेवटच्या टप्प्यातला रुग्ण सांभाळलेल्या कोणालाही या एकोणतीस वर्षांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

म्हणजे संसद हा कायदा दुरुस्त करू शकते, आणि केलाही आहे. दुसऱ्यांदा गुन्हा केल्यास फाशीच, ही १९८९ ची सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये घटनाबाह्य ठरवली आणि २०१४ मध्ये संसदेने ती कायद्यातूनही काढली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये तर फक्त एका उपकलमाचा क्रमांक चुकला होता म्हणून दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली. २०१४ मध्ये क्रमांक बदलताना कलम २७अ मधला संदर्भ तसाच राहिला होता, त्रिपुराच्या उच्च न्यायालयाने तो दाखवून दिला, आणि सरकारने तो पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त केला. त्या दिवशी कायदा आपल्यासमोर उघडा होता. तक्त्याकडे मात्र सभागृहाने वळून पाहिलं नाही.

त्याच्या एक वर्ष आधी, २ डिसेंबर २०२० रोजी, व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे गांजाला १९६१ च्या करारातल्या सगळ्यात धोकादायक पदार्थांच्या चौथ्या परिशिष्टातून काढायचा ठराव आला. २७ विरुद्ध २५ मतांनी तो संमत झाला, आणि बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता. जगासमोर जी भूमिका आपण घेतली तिच्यावर संसदेत अजून चर्चा व्हायची आहे. खरं तर ही चर्चा आपल्याला नवीन नाही. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारच्या आयोगाने देशभर हजारावर साक्षी घेऊन सात खंडांचा अहवाल लिहिला होता : माफक वापराने विशेष हानी होत नाही, अतिरेकाने होते, सरसकट बंदीऐवजी परवाना, कर आणि नियंत्रण ठेवा. ते सरकार परकं होतं, महसुलावर त्याचा डोळा होता, हे मान्य. तरीही त्याने आधी विचारलं आणि मग ठरवलं.

बाहेरचे अनुभव संमिश्र आहेत. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता साठा बाळगणं फौजदारी गुन्ह्यातून काढलं आणि पकडलेल्याला समुपदेशकांच्या समितीपुढे पाठवलं. त्यासोबत उपचारांवर पैसा खर्च केला, म्हणून ते टिकलं. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये तसंच काही केलं, उपचारांची तयारी मात्र कमी पडली, आणि २०२४ मध्ये त्यांना माघार घ्यावी लागली. शिक्षा काढणं सोपं आहे, तिच्या जागी दवाखाना उभा करणं अवघड. हे दोन्ही एकत्रच व्हावं लागेल. आणि आकडे नीट न तपासता लिहिले की काय होतं तेही अमेरिकेतच दिसलं : १९८६ च्या कायद्यात पाच ग्रॅम क्रॅक (कोकेनचेच ओढायचे खडे) म्हणजे पाचशे ग्रॅम कोकेन पावडर असं शिक्षेचं प्रमाण होतं. एकच मूळ पदार्थ, शंभर पट फरक, आणि तुरुंगात गेली ती मुख्यतः काळी मुलं. २०१० मध्ये ते प्रमाण अठरावर आणायला चोवीस वर्षं लागली.

काही जण म्हणतील, दारू-तंबाखू जास्त घातक असेल तर त्यांच्यावरच बंदी घाला. तंबाखूने देशात दरवर्षी तेरा लाखांहून अधिक माणसं जातात, तेव्हा हा विचार मनात येणं स्वाभाविक आहे. पण आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठल्या टपरीवर मिळत नाही ते मला सांगा. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मुंबईतल्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल मिसळल्याने शंभराहून अधिक माणसं मेली. बंदीने काय साधतं आणि काय बिघडतं, हेही नुकसानीच्याच हिशेबात धरायचं असतं.

आता आपल्याकडे मागणं. मात्रांच्या तक्त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. तो केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ठरतो आणि कलम ७७ प्रमाणे ती अधिसूचना दोन्ही सभागृहांसमोर ठेवावी लागते. तिच्यात बदल सुचवण्याचा अधिकार आपला आहे. हा कायदा अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे आहे, तर त्या विभागाने मानसोपचारतज्ज्ञ, विषविज्ञानाचे अभ्यासक, व्यसनमुक्तीत काम करणारे, फौजदारी वकील आणि पोलीस यांची समिती नेमावी, प्रत्येक पदार्थासमोरच्या आकड्याचं कारण लिहून प्रसिद्ध करावं, आणि ठराविक वर्षांनी ते पुन्हा तपासावं. गोळी, कागद, द्रावण अशा बाबतींत वजनाचा नियम डोसच्या हिशेबाने बदलावा. लागवडीच्या कलमात प्रमाण यावं. स्वतःसाठी अल्प मात्रा बाळगणाऱ्याला आणि कलम २७ च्या आरोपीला पहिल्या वेळी न्यायालयाऐवजी जिल्हा रुग्णालयात पाठवावं. सामाजिक न्याय मंत्रालयानेच अल्प मात्रेबाबत अशी शिफारस केल्याच्या बातम्या २०२१ मध्ये आल्या होत्या. त्या शिफारशीचं पुढे काय झालं, हे विचारायला आपल्याला माझ्यासारखं माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून बसावं लागत नाही. अल्पवयीन मुलांना नशा विकणाऱ्यावर मात्र कसलीही सवलत नको.

पक्ष कोणताही असो, येत्या अधिवेशनात आपल्यापैकी एकाने तरी हा प्रश्न लेखी उत्तरासाठी द्यावा. मसुदा सोबत देते, भाषा आपल्याला योग्य वाटेल तशी बदलावी :

“१९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेतील अल्प व व्यावसायिक मात्रा कोणत्या वैज्ञानिक निकषांवर ठरवल्या गेल्या, २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनंतर त्यांचा फेरविचार झाला आहे काय, झाला नसल्यास त्याची कारणे काय, आणि गेल्या पाच वर्षांत महाराष्ट्रात कलम २७ खाली कारवाई झालेल्यांपैकी किती जणांना कलम ६४अ अन्वये उपचार मिळाले, याची जिल्हावार माहिती अर्थमंत्री सभागृहाच्या पटलावर ठेवतील काय?”

आपली विश्वासू,
उत्तर महाराष्ट्रातील एक वकील